आधी पाणी कोणाला? ‘वीप’ या खोरे-नियोजन प्रणालीचे परीक्षण

‘वीप’ या संगणक-प्रणालीत नदीची निळी रेघ ओढून तिच्या काठावर शहराचा लाल ठिपका ठेवला, की एक छोटी चौकट समोर येते. तिच्यात ठिपक्याचे नाव विचारलेले असते आणि सोबत एक आकडा आधीच भरून ठेवलेला असतो : १. हा त्या शहराचा प्राधान्यक्रम. शेताचा ठिपका ठेवला तरी तिथे तोच १ दिसतो. पाणी मागणाऱ्या प्रत्येकाला १ ते ९९ यांपैकी कोणताही आकडा देता येतो. १ म्हणजे सर्वांत आधी, ९९ म्हणजे सर्वांत शेवटी. नवखा माणूस ही चौकट वाचल्यासारखे करून मिटवतो आणि पुढच्या ठिपक्याकडे वळतो. मीही तेच केले होते. एकाच खोऱ्यातून पाणी उचलणारी शेती, त्याच पाण्यावर वाढणारे शहर आणि त्याच पाण्यात जगणारे मासे, पक्षी, पाणथळी यांच्यातील वादाचा निकाल आपण न वाचता मिटवलेल्या त्या चौकटीत लागून गेलेला असतो, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्या एका आकड्याभोवती फिरणार आहे.

प्रणालीचे पूर्ण नाव ‘वॉटर इव्हॅल्युएशन अँड प्लॅनिंग’. तिची निर्मिती १९८८ साली सुरू झाली, आणि तिचा पहिला मोठा वापर १९८९ मध्ये, नुकत्याच स्थापन झालेल्या स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या पाठबळाने, अरल समुद्राच्या खोऱ्यासाठी झाला. ही सुरुवात बोलकी आहे. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी कापसाच्या सिंचनाकडे वळवल्यामुळे, १९६० च्या सुमारास जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला अरल समुद्र आटत गेला. तिथे पाण्याच्या गणितात शेतीची मागणी होती, शहरांची होती. समुद्राची मागणी मात्र कोणाच्या वहीत लिहिलेली नव्हती. लिहिलेली नसलेली मागणी पूर्ण होत नाही, हे वाक्य या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत कुठे नाही, पण ती वापरताना पानोपानी आठवते.

वीपचे काम थोडक्यात असे. आपण खोऱ्याचा आराखडा काढायचा : नदीसाठी निळी रेघ, धरणासाठी हिरवा त्रिकोण, भूजलासाठी हिरवा चौकोन, पावसाचे पाणी गोळा करणाऱ्या पाणलोटासाठी हिरवा ठिपका, मागणीच्या जागेसाठी लाल ठिपका. स्रोतापासून मागणीपर्यंत पाणी नेणारी रेघ हिरवी, आणि वापरून उरलेले पाणी नदीत किंवा जमिनीत परत आणणारी रेघ लाल. मग प्रत्येक ठिकाणची माहिती भरायची : महिन्यामहिन्याचा येवा (नदीत येणारे पाणी), शहराची लोकसंख्या आणि दरडोई वापर, लाभक्षेत्र, उचललेल्या पाण्यापैकी कायमचे खर्ची पडणारे पाणी किती टक्के, धरणाची क्षमता आणि मृतसाठा. एवढे झाले की प्रणाली दर महिन्याला एक गणिती कोडे सोडवते. आधी प्राधान्यक्रम १ असलेल्या सर्वांची मागणी शक्य तितकी भागवायची, मग २ असलेल्यांची, आणि असेच पुढे. एकाच क्रमांकावर अनेक जण असतील आणि पाणी अपुरे असेल, तर प्रत्येकाला आपापल्या मागणीच्या सारख्याच टक्केवारीने पाणी मिळते. ज्याची मागणी मोठी त्याला मोठा वाटा जातो. हे समप्रमाण वाटप न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न प्रणाली विचारत नाही, आणि तिने तो विचारावा अशी अपेक्षाही नाही. परंतु हा नियम सोयीसाठी निवडलेला आहे, निसर्गाचा नाही, एवढे वापरणाऱ्याने विसरू नये.

प्रणाली किती प्रामाणिक आहे, हे तपासण्यासाठी मी मुद्दाम एक लहान, काल्पनिक खोरे घेतले, कारण लहान खोऱ्याचे उत्तर कागदावर पडताळून पाहता येते. वर शेती, मधे शहर, सर्वांत खाली एक पाणथळ जागा. चांगल्या महिन्यात नदीला १०० माप पाणी. शेती ६० माप उचलते, त्यातले ६० टक्के म्हणजे ३६ माप पिके आणि ऊन खाऊन टाकतात, २४ माप झिरपून परत नदीत येते. शहर ५० माप उचलते, त्यातले फक्त १० माप खर्च होते आणि ४० माप सांडपाणी शुद्ध होऊन खाली सोडले जाते. पाणथळीला ५२ माप हवे आहे. शंभरातून ३६ आणि १० गेले, ५४ उरले; सर्वांचे भागले. अशा महिन्यात प्राधान्यक्रमाचे आकडे काहीही लिहा, निकाल तोच येतो, आणि म्हणूनच चांगल्या पावसाच्या वर्षांवर बेतलेले नियोजन सर्वांना पटते.

आता नदीला फक्त ६० माप पाणी आहे असे धरू. शेती आणि शहर दोघांचाही क्रमांक १ ठेवला, म्हणजे चौकट न वाचता मिटवली, तर दोघांची सुमारे ७० टक्के मागणी भागते आणि पाणथळीपर्यंत २८ माप पोहोचते. शहराला १ आणि शेतीला २ दिला, तर शहराचे पूर्ण ५० माप भागतात, शेतीच्या मागणीपैकी जेमतेम २८ टक्के पाणी तिला मिळते, आणि पाणथळीला मात्र ४० माप जाते. शेतीला १ आणि शहराला २ दिला, तर शेतीला सगळे मिळते, शहराचे निम्म्याहून कमी भागते आणि पाणथळीला १९ माप उरते. पाणथळीची मागणीच १ वर ठेवली आणि शहराला २, शेतीला ३ दिला, तर पाणथळीला तिचे ५२ माप मिळतात, शहराला ५० पैकी ४०, आणि शेतीला काहीच नाही. हे आकडे मी आधी कागदावर मांडून पाहिले होते. तोच तोल प्रणालीनेही काढला.

या चार निकालांतील दुसरा मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा वाटला. शहराला प्राधान्य दिले की निसर्गाचे नुकसान होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इथे मात्र शहराला पुढे केल्यावर पाणथळीला आधीपेक्षा जास्त पाणी मिळाले, कारण शहर जे उचलते त्यातले बहुतेक परत करते आणि शेती जे उचलते त्यातले बहुतेक हवेत जाते. पाणी ‘उचलणे’ आणि पाणी ‘खर्च करणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पाणी-हिशेबातले पहिले तत्त्व. ते शब्दांत सांगून सभेला पटवणे कठीण जाते, आणि पडद्यावर दोन रेघांची जाडी बदललेली दाखवली की काही मिनिटांत पटते. वीपची खरी किंमत मला इथे दिसली. अर्थात यातून ‘शहर चांगले, शेती वाईट’ असा निष्कर्ष काढणारा माणूस त्या परतीच्या ४० मापांचा वास घ्यायला विसरलेला असतो. त्याकडे पुढे येईन.

त्याआधी एक खाचखळगा, ज्यात मी स्वतः पडलो. पाणथळीची मागणी मी आराखड्यात सर्वांत खाली, शहराचे सांडपाणी नदीत मिसळते त्या जागेच्याही खाली ठेवली होती. पाणथळीला ४० माप मिळाल्याचा निकाल पाहून मी समाधानी होतो. मग नदीच्या एकेका टप्प्याचा प्रवाह उघडून पाहिला. शहर जिथे पाणी उचलते आणि जिथे परत सोडते, त्या दोन जागांच्या मधल्या टप्प्यात प्रवाह शून्य होता. शेतीने खर्च केलेले पाणी वगळून आलेले सगळे ५० माप शहराने उचलले होते, आणि नदी काही अंतर नकाशावरच उरली होती. प्रणालीने माझ्यापासून हे लपवले नव्हते, पण ओरडून सांगितलेही नव्हते. कारण त्या टप्प्यात किमान प्रवाह हवा, असे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. किमान प्रवाहाची खूण वीपमध्ये नदीवर कुठेही ठेवता येते, आणि ती नेमकी कुठे ठेवायची यावर मासे जगणार की नाही हे ठरते. उद्भवाच्या, म्हणजे शहर पाणी उचलते त्या जागेच्या, खाली एक आणि सांडपाण्याच्या मुखाखाली एक, अशा किमान दोन खुणा ठेवल्याशिवाय कोणत्याही खोऱ्याचे ‘पर्यावरणीय प्रवाह राखले आहेत’ असे विधान स्वीकारू नये, असे माझे आता मत झाले आहे.

त्या खुणेत आकडा कोणता लिहायचा, हा पुढचा प्रश्न, आणि इथे वीप पूर्णपणे वापरणाऱ्यावर विसंबते. सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ टेनंट यांची, १९७६ सालची : वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाणी जलचरांना थोडा काळ कसेबसे तगून राहण्यापुरते, ३० टक्के चांगल्या अधिवासासाठी, आणि ६० टक्के उत्तम स्थितीसाठी. ही टक्केवारी अमेरिकेच्या मोंटाना, वायोमिंग आणि नेब्रास्का या भागांतील प्रवाहांच्या अभ्यासातून आली आहे. ती जगातल्या कोणत्याही नदीला डोळे मिटून लावण्याची सवय जुनी आहे, आणि बाराही महिने एकच सपाट आकडा भरण्याची त्याहून वाईट. माशांच्या प्रजननाला पुराचा एखादा लोंढा लागतो, पाणथळीतल्या झाडांना मधे कोरडा काळही लागतो. वीपमध्ये महिन्यागणिक वेगळा आकडा भरता येतो, तरीही तो बहुधा एकसारखाच भरला जातो. हा दोष साधनाचा म्हणता येणार नाही.

प्राधान्यक्रम कायद्यातच लिहिलेला असेल तर काम किती स्वच्छ होते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तिथल्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्याने ‘राखीव’ पाण्याची कल्पना मांडली : माणसांच्या मूलभूत गरजांसाठी आणि नदीच्या परिसंस्थेसाठी लागणारे पाणी आधी बाजूला ठेवायचे, आणि मग सिंचन, खाणी, उद्योग यांच्या परवान्यांचा विचार करायचा. ओलिफांट्स नदीच्या स्टीलपोर्ट या उपखोऱ्यासाठी वीपची मांडणी करून पाहिल्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मांडणीत चौकटीतला १ कोणाचा, यावर वाद घालायची सोय नसते. वाद उरतो तो राखीव पाणी किती आणि ते दिल्यावर इतरांची तूट किती, एवढाच. जिथे कायदा गप्प आहे तिथे मात्र संगणकापुढे बसलेला तंत्रज्ञ नकळत कायदा लिहीत असतो.

ठिबक सिंचनाचा प्रयोग मी त्याच काल्पनिक खोऱ्यावर केला, कारण शेती, शहर आणि निसर्ग या तिघांनाही एकाच वेळी खूश करणारा उपाय म्हणून तोच सर्वांत आधी पुढे केला जातो. ठिबकमुळे शेती ६० ऐवजी ४५ माप उचलू लागली. कागदावर १५ माप वाचले. पण ठिबक आल्यावर शेतकरी, अगदी शहाणपणाने, वाचलेल्या पाण्यावर थोडे जास्त क्षेत्र भिजवतो किंवा जास्त पाण्याचे पीक घेतो. म्हणून मी खर्ची पडणारे पाणी ३६ वरून ४० माप केले. परतीचे पाणी २४ वरून ५ वर आले. चांगल्या महिन्यातही आता पाणथळीला ५४ ऐवजी ५० माप मिळाले, म्हणजे गरजेपेक्षा २ कमी, आणि शहराच्या उद्भवाखालचा प्रवाह १४ वरून १० वर घसरला. जे पाणी ‘वाया’ जात होते, ते खालच्या कोणाचे तरी पाणी होते. सिंचन-कार्यक्षमतेचा हा उलटा परिणाम पाण्याच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. तो सार्वजनिक चर्चेत क्वचित येतो. ठिबक करू नये असे यातून निघत नाही. ठिबकसोबत एकूण खर्ची पाण्यावर मर्यादा घातली तरच नदीला काही मिळते, एवढेच निघते. आणि ती मर्यादा प्रणालीत एका रकान्याने घालता येते, खोऱ्यात घालायला वर्षे लागतात.

इथे वीपचा एक अंगभूत दोष सांगायला हवा. तिच्या हिशेबात उचल, वापर आणि परतावा हे सगळे त्याच महिन्यात उरकते. शेतातून झिरपलेले पाणी प्रत्यक्षात जमिनीखालून रेंगाळत कितीतरी महिन्यांनी नदीला भेटते, आणि उन्हाळ्यातील नदीचा मूळ प्रवाह, म्हणजे पाऊस नसतानाही वाहणारे पाणी, बऱ्याचदा याच उशिरा आलेल्या पाण्यावर चालतो. परतीची लाल रेघ थेट नदीत न सोडता भूजलाच्या चौकोनात सोडली, तर हा उशीर काही अंशी पकडता येतो. पण तो चौकोन म्हणजे एक हौद आहे, ज्यात पाणी सगळीकडे सारखे पसरलेले मानले जाते. नदीलगतची विहीर आणि दहा किलोमीटर लांबची विहीर यांचा नदीवरचा परिणाम त्याला वेगळा कळत नाही. खरे भूजल पाहायचे असेल तर वीपला ‘मॉडफ्लो’ या भूजल-प्रतिमानाशी जोडता येते. जोडणी चालते, परंतु ती उभी करायला स्वतंत्र भूजलतज्ज्ञ लागतो, आणि ज्या खोऱ्यात विहिरी आणि नदी एकमेकांचे पाणी ओढतात तिथे हा खर्च टाळून काढलेल्या निष्कर्षांवर मी तरी विसंबणार नाही.

धरणाचा भाग मात्र नीट विचारपूर्वक बांधलेला आहे. साठ्याचे चार थर करता येतात : वर पुरासाठी मोकळी ठेवलेली जागा, त्याखाली मुक्तपणे वापरायचा साठा, त्याखाली जपून वापरायचा थर, आणि तळाशी मृतसाठा. पाणी तिसऱ्या थरात उतरले की दर महिन्याला त्यातील ठरावीक हिस्साच सोडायचा, असे एका गुणांकाने सांगता येते. टंचाईच्या वर्षी कपात कधी सुरू करायची, यावरचे सगळे मतभेद या एका रेषेत आणि एका गुणांकात सामावतात, आणि ते हलवून पाहणे हा वीपवरचा सर्वांत उपयोगी व्यायाम आहे. धरण भरण्याचा प्राधान्यक्रम मुळात ९९ असतो, म्हणजे सर्वांच्या मागण्या भागल्यावर उरेल ते साठवायचे. पुढच्या वर्षासाठी पाणी राखून ठेवणाऱ्या धरणाला हा आकडा चालत नाही, आणि तो बदलायला विसरल्यास कागदावर पहिले वर्ष सुखाचे आणि दुसरे भयंकर दिसते.

यामागचे कारण प्रणालीच्या स्वभावात आहे : ती दर महिन्याचे कोडे त्या महिन्यापुरते सोडवते आणि पुढच्या महिन्याकडे पाहत नाही. अनुभवी धरण-अभियंता पाऊस लांबण्याची चिन्हे पाहून आधीच हात आखडता घेतो. वीप घेत नाही, तुम्ही नियम लिहून दिल्याशिवाय. कालखंड महिन्याऐवजी एका दिवसापर्यंत खाली आणता येतो, पण पाणी वरून खाली पोहोचायला लागणारा वेळ साध्या मांडणीत धरला जात नसल्यामुळे मोठ्या नदीवर रोजचा हिशेब फसवा ठरू शकतो. पूर, दरवाजे उघडण्याच्या वेळा, तासातासाचा विसर्ग यांसाठी ही प्रणाली नाही, आणि तशी ती कोणी विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे.

आता त्या परतीच्या पाण्याच्या वासाकडे. वीप पाण्याच्या गुणवत्तेचा हिशेब ठेवते. प्रदूषक नदीत कसा विरळ होतो, कसा विघटित होतो, विरघळलेला प्राणवायू किती उरतो, हे ती ढोबळमानाने काढते, आणि जास्त बारकावा हवा असल्यास ‘क्वाल टू के’ या नदी-गुणवत्ता प्रतिमानाशी जोडता येते. परंतु शेतातून वाहून येणारे स्फुरद, नत्र आणि गाळ यांचा उगम शेताच्या उतारात, खताच्या वेळेत आणि मातीच्या झाकणात असतो, आणि त्यासाठी ‘स्वाट’सारखे मृदा-जल प्रतिमान कितीतरी सरस आहे. वाटपाच्या भाषेत विचार करणाऱ्या साधनाचा हा मोठा आंधळा कोपरा. न्यूयॉर्क शहराचे उदाहरण घ्या. त्या शहराच्या पाण्याचा बहुतांश भाग कॅट्सकिल आणि डेलावेअर या दूरच्या पाणलोटांतून, गाळणी-प्रकल्पाशिवाय येतो. १९८९ च्या केंद्रीय नियमाने भूपृष्ठावरचे पाणी गाळणे बंधनकारक केले, आणि त्यातून सूट हवी तर पाणलोट सुरक्षित असल्याचे दाखवणे भाग पडले. गाळणी-प्रकल्पाचा अंदाज अब्जावधी डॉलरांचा होता. शहराने आधी वरच्या भागातील दुग्धव्यवसायावर नियम लादू पाहिले, शेतकरी खवळले, आणि वाटाघाटींतून असा मार्ग निघाला, की शेतकऱ्यांनी स्वेच्छेने आपापल्या शेताचा आराखडा करायचा, शेणखताची साठवण, ओढ्याकाठचे कुंपण, गुरांच्या पाण्याची वेगळी सोय यांचा खर्च शहराने द्यायचा. १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि पाणलोटातली गावे यांच्यात व्यापक करार झाला. या सगळ्या व्यवहारात ‘पाणी आधी कोणाला’ हा प्रश्न कळीचा नव्हताच. पाणी पुरेसे होते. ते कोण आणि कोणाच्या पैशाने स्वच्छ ठेवणार, हा प्रश्न होता. वीपमध्ये हे खोरे मांडले असते तर सर्वांची मागणी भागलेली दिसली असती आणि वादाचे मूळ पडद्यावर आलेच नसते.

असेच तापमानाचे. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात सामन माशांच्या अंड्यांना थंड पाणी लागते, आणि शास्ता धरणातून नेमक्या खोलीवरचे थंड पाणी सोडता यावे म्हणून १९९७ मध्ये तिथे खास रचना पूर्ण झाली. माशांसाठी ‘किती’ इतकेच ‘कोणते’ पाणी महत्त्वाचे असते. या खोऱ्यावर वीपचा वापर करून हवामानबदल, शेती आणि सामन यांचा एकत्रित अभ्यास झालेला आहे, म्हणजे प्रणालीला हे जमतच नाही असे नाही. पण ते जमवून घ्यायला तज्ज्ञांचा गट लागला.

पाऊस पडल्यावर किती पाणी नदीत येते, किती पिकांना मिळते, यासाठी वीप अनेक पद्धती देते. एका साध्या पद्धतीत पीक गुणांकावरून (कोणत्या पिकाला तुलनेने किती पाणी लागते हे सांगणाऱ्या आकड्यावरून) गरज काढून उरलेला पाऊस वाहून गेला असे मानतात. मातीतील ओलाव्याच्या पद्धतीत जमीन दोन थरांची धरली जाते, वरचा मुळांचा आणि खालचा मूळ प्रवाहाचा. ‘माबिया’ नावाची तिसरी पद्धत रोजच्या रोज, खाद्य व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतील दुहेरी गुणांक वापरून, पिकाचे बाष्पोत्सर्जन आणि उघड्या मातीवरचे बाष्पीभवन वेगळे मोजते. ज्यांचा प्रश्न पिकांच्या पाण्याचा आहे त्यांनी हीच घ्यावी. ओलाव्याची पद्धत लवचीक आहे, आणि तिची लवचीकता हाच तिचा धोका : तिचे आकडे इतके फिरवता येतात की मापन केंद्रावरचा प्रवाह चुकीच्या कारणाने बरोबर जुळतो. जुळवणी आपोआप करून देणारी जोडणी उपलब्ध आहे, आणि तीच हा मोह वाढवते. ज्या वर्षांवर जुळवणी केली ती सोडून वेगळ्या, शक्यतो दुष्काळी वर्षांवर ताडून पाहिल्याखेरीज आलेख कोणाला दाखवू नये.

वापरायला प्रणाली सोपी आहे, पण जुन्या वळणाची. ती विंडोजवर चालते. ‘वीपिंग रिव्हर’ नावाचे सरावाचे खोरे सोबत येते, आणि टप्प्याटप्प्याचे धडेही. दोन-तीन दिवसांत माणूस स्वतःचे लहान खोरे उभे करू शकतो. एका आधारवर्षावर अनेक सिनॅरिओ रचता येतात, आणि प्रत्येक सिनॅरिओ मूळ माहिती वारशाने घेऊन फक्त बदललेले आकडे वेगळे ठेवतो. ही रचना इतकी नेटकी आहे, की ‘लोकसंख्या वाढली, पाऊस घटला, ठिबक आले’ अशी चित्रे शेजारीशेजारी ठेवताना गोंधळ होत नाही. विकसनशील देशांतील शासकीय, ना-नफा आणि शैक्षणिक संस्थांना परवाना विनामूल्य मिळतो. इतरांना तो विकत घ्यावा लागतो, आणि चाचणी-आवृत्तीत केलेले काम जतन होत नाही. मूळ संगणकसंकेत खुला नाही. सूत्रे पुस्तिकेत दिलेली आहेत, तरी ज्या वादात एक पक्ष दुसऱ्याच्या गणितावर संशय घेतो तिथे हे उणेच ठरते. तिथे ‘पायवर’सारखे खुले साधन अधिक योग्य, पण त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवे, आणि सभेतल्या शेतकऱ्यापुढे त्याचा पडदा ठेवता येत नाही. धरणांच्या चालनाचे किचकट नियम असतील तर ‘रिव्हरवेअर’ अधिक समर्थ आहे.

माझ्या मते वीप घ्यावी ती वाटाघाटीच्या आधीच्या टप्प्यात, जेव्हा शेतकरी, पाणीपुरवठा खाते आणि वन्यजीव अभ्यासक यांना एकमेकांची तूट अजून दिसलेली नसते. त्या वेळी तिन्ही पक्षांना आकडे भरताना सोबत बसवावे. तयार अहवाल नंतर दाखवण्याने हा उपयोग साधत नाही. सुरुवात धरणापासून किंवा शहरापासून करण्याचा प्रघात आहे, कारण त्यांची माहिती हाताशी असते. मी आता नदीची रेघ ओढल्यावर आधी किमान प्रवाहाच्या खुणा ठेवतो, मग शेती, मग शहर. आणि प्राधान्यक्रमाची चौकट आली की तो आकडा कोणी, कोणत्या कायद्याने किंवा कोणत्या बैठकीत ठरवला, हे तिथल्या टिपणाच्या रकान्यात लिहितो. तो रकाना बहुतेक मांडण्यांत कोरा असतो.